वाणात गेलेला कंट्रोल

मु. पो. पेडगाव, ता. जि. परभणी
धोंड्याचा महिना सरल्यावर चौथा दिवस, सन १९८८

चि. गोविंदास पेडगावहून थोरल्या अक्काचा पोटभर आशीर्वाद पोचावा. इकडं समदे खुशाल हाईत. हे मी रीत म्हणून लिहीत न्हाई, आज खरंच खुशाल हाईत. आठ दिवसांमागं लिहिलं असतं तर खोटं लिहावं लागलं असतं, म्हणून लिहिलं न्हाई. तुझं पोट कसं हाय? कवळी बसली का? मागच्या पत्रात तू लिहिलंस की कवळी ढिली हाय अन् बोलताना शिट्टी वाजती. वाजू दे. तीस वर्षं एस.टी.च्या वर्कशापात दुसऱ्यांच्या शिट्ट्या ऐकल्यास, आता सोताची ऐक. सुमंगलास आशीर्वाद. तिला सांग, मी तिच्या माहेरगावी पाथरीला जाऊन आले, पण तिच्या आईकडं जायला वेळ भेटला न्हाई. कामून भेटला न्हाई ते पुढं येईलच. (पत्र मी सोता लिहायलेय. नातीला सांगितलं तर ती माझ्या शिव्या गाळून लिहिती, मग पत्रात उरतं काय? दुसऱ्या यत्तेची बाई जोडाक्षराला अडखळती, तवा जिथं अडलास तिथं समजून घे.)

तर गोष्ट तुझ्याच खटक्याची हाय. दहा वर्षांमागं नामांतराच्या गडबडीत एस.टी. बंद पडल्या अन् तू आठ दिवस आमच्याकडं अडकून बसला होतास, आठवतंय का? तवा आमच्या मालकाचा उजवा गुडघा विहिरीच्या पायऱ्यावर पडून नुकताच आखडला होता. ब्रेकवर लाथ हाणायला तो पाय बरा (लाथ हाणायला माणसाला पाय कधी कमी पडत न्हाई), पण ॲक्सिलेटरवर नुसता टेकवून धरायचा म्हणलं की पोटरीत गोळा यायचा, अन् लिलावातनं घेतलेली जीप दारात बैलासारखी उभी. तू भंगारातल्या ट्रॅक्टरचा खटका आणलास, त्याला सायकलच्या ब्रेकची वायर जोडलीस, अन् स्टेरिंगच्या खाली नळीवर लोखंडी पट्टीनं आवळून दिलास. हातानं खटका ओढायचा, खाच्यात बसवायचा, की जीप आपली एका चालीनं जायलीय अन् पाय मोकळा. थांबायचं असलं की खटका खाली ढकलायचा अन् ब्रेकवर लाथ. तू म्हणला होतास, परदेशात मोठ्या मोटारींना असलंच असतंय, त्याला क्रूझ कंट्रोल म्हणतेत. क्रूझ आमच्या जिभेवर बसलं न्हाई, ते पहिल्याच दिवशी गळालं. कंट्रोल तेवढा राहिला. आता आमच्या गावात कंट्रोल दोनच. एक रेशनच्या दुकानाचा, जिथं साखर अन् रॉकेल भेटतं, अन् दुसरा आमच्या जीपचा. हे ध्यानात ठेव.

ह्या कंट्रोलवर म्हाताऱ्यानं दहा वर्षं राज्य केलं. पहिल्या खाच्यावर शेताला, दुसऱ्या खाच्यावर परभणीला, अन् तिसरा खाचा आपल्या जवानीची याद आली की. गावात कुणाच्या सुनेचं पोट दुखायलं, कुणाला इंचू चावला, की माणूस आधी आमच्या ओट्यावर येतो, मग देवळात जातो. मला बाई ते आवडायचं न्हाई. कामून, तर होळीच्या वक्ताला परभणीच्या बाजारात मी शेजारी बसलेली असताना ह्यांनी ब्रेकवर लाथ हाणली खरी, पण खटका खाली ढकलायचा इसरून गेले. लाथ उचलली अन् जीप निघाली की पुढं, सरळ टरबुजांच्या ढिगावर. चाकं लाल, बोनेट लाल, ह्यांचं धोतर लाल, अन् लोक बोंबलायलेत की म्हातारं गेलं. मीबी घडीभर तेच समजले. मग बघते तर ते मिशीवरचं बी पुसायलेत अन् टरबूजवाल्याला इचारायलेत, गोड हाय का. मी गाडीतनं उतरून एस.टी.नं घरी आले. दोन दिवस बोलले न्हाई. त्यांना तिसऱ्या दिवशी कळलं की मी बोलत न्हाई.

आता जावईबापूंकडं येऊ. आमची कमल पाथरीला दिलेली, अन् तिचे मालक चंद्रभानराव पाथरी ते मानवत जीप चालवितेत. जीपमध्ये आठ माणसं बसवायची असतेत, हे बावीस बसवितेत अन् तेविसाव्याला म्हणतेत, सरका की जरा. जावई म्हणून माझी तक्रार न्हाई. (जावयाची तक्रार करायची न्हाई असा रिवाज हाय, म्हणून न्हाई.) धोंड्याचा महिना लागला, जावयाला वाण द्यायचं, म्हणून बोलावलं. पुरणाचे धोंडे केले, तेहतीस आनारसे तळले, पितळी डबा घासून ठिवला. तर जावईबापू आले ते काखेत पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. मी म्हणलं फणस असंल. उघडलं तर स्टेरिंग! नांदेडहून आणलेलं, काळं कुळकुळीत, रेक्झिनचं, मधी तीन भोकं अन् बटनावर वाघाचं तोंड. आता तूच सांग, वाण घ्यायला आलेल्या जावयानं सासऱ्याला भेट द्यायची हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय? पण म्हाताऱ्याचा चेहरा असा खुलला की जनू ह्यांचाच सासरा आलाय.

लगेच पाने-पक्कड निघाले. जुनं स्टेरिंग परातीएवढं होतं, ते काढून ओसरीत टाकलं (त्यात आता कोंबडी अंडी घालती). नवं बसवलं तर ते ताटलीएवढं. अन् मग जावईबापू म्हणले, मामा, ह्याच्यामागं हा जुनाट खटका बसत न्हाई, बोटं ठेचतील, काढूनच टाकू. गाडी कशी फॉरेनची दिसायलीय. अन् म्हाताऱ्यानं, दहा वर्षं ज्याच्या जिवावर हिंडलं त्या खटक्याला, जावयाच्या तोंडावर न्हाई म्हणवंना म्हणून व्हय म्हणलं. इज्जत! पुरुषाची इज्जत गुडघ्यात असती, म्हणूनच आखडती. खटका काढून पेपरात गुंडाळला अन् भिंतीतल्या देवळीत ठिवला. दुसऱ्या दिवशी वाण दिलं, दिवा ओवाळला, जावईबापू डबा घेऊन पाथरीला गेले, अन् म्हातारं नव्या स्टेरिंगपुढं बसलं.

निघालं फाट्यापर्यंत. गोळा आला. उतरून पाय चोळला, पुन्हा बसलं, पुन्हा गोळा. वरून ते स्टेरिंग अर्ध्या फेऱ्यानं चुकून बसलेलं. गाडी सरळ चालली की वाघ उलटा टांगलेला, अन् वळली की सुलटा. शेवटी दोन बैल जुपून जीप घरी आणली. वाघ उलटा, बैल पुढं, अन् आमचे मालक मधी बसून दोन्ही बाजूच्या लोकांना रामराम करायलेत. आल्यावर देवळीत हात घातला, तर खटका न्हाई. घर उलथंपालथं केलं, कणगीमागं बघितलं, कोंबडीखाली बघितलं. न्हाई.

मग घरीच बसले. गोविंदा, बारा दिवस बसले. तुला वाटंल भांडले असतील, ओरडले असतील. तसलं काही केलं असतं तर मी पेढे वाटले असते. सकाळी उठायचं, आंघोळ करायची, जीपला फडकं मारायचं, अन् परत येऊन चुलीपशी बसायचं. मला इचारायलेत, आज वरणात हिंग टाकलं का. चाळीस वर्षं झाली लग्नाला, ह्या माणसाला हिंग कशाशी खातेत माहीत नव्हतं. एक दिवस मुंजाजी लोहाराच्या सुनेला कळा सुरू झाल्या अन् मुंजाजी सवयीनं पळत आमच्या ओट्यावर आला. ह्यांनी त्याच्याकडं बघितलं, जीपकडं बघितलं, अन् म्हणले, बैलगाडी घेऊन जा बाबा. (पोरगी झाली, खुशाल हाय.) त्या दिवशी ह्यांनी भाकर अर्धीच खाल्ली. अर्धी कुत्र्याला घातली अन् म्हणले जास्त झाली. मला लय राग आला. भाकर काय वाया घालवायची चीज हाय?

मी मनाशी अंदाज बांधला की खटका वाणाच्या डब्यातच पाथरीला गेला असंल. आता आली का पंचाईत? जावयाला धोंड्यात दिलेलं वाण परत मागायचं म्हणजे देव तर कोपतोच, पण विहीण त्याच्या आधी कोपती. अन् आमच्या विहीणबाई लक्ष्मीबाई, तुला ठाऊक हायेत, लग्नातला मानाचा नारळ लहान होता हे त्या कमलला तीन लेकरं झाल्यावरबी सांगतेत. मी म्हणलं निरोप अदबीनं जाऊ दे. आपल्या शाळेचे सिताराम मास्तर रोज पाथरीहून येतेत-जातेत, त्यांना सांगितलं: विहीणबाईला म्हणावं, आमचा कंट्रोल चुकून वाणासंगं आला असंल तर तेवढा परत धाडा, घरी खोळंबा झालाय. मास्तर मोठे हुशार. वर्गात पोरांना लांब वाक्य आखूड करायला शिकवितेत. त्यांनी तिकडं जाऊन माझं वाक्य आखूड केलं: चतुराबाई वाणातलं कंट्रोलचं परत मागायल्यात.

झालं. लक्ष्मीबाई काय समजल्या, तर आनारशाला जी साखर घातली ती कंट्रोलची, रेशनच्या दुकानातली, अन् ती मी परत मागायलेय! तिसऱ्या दिवशी पाथरीच्या गाडीच्या कंडक्टरानं फाट्यावर एक गाठोडं उतरवलं. उघडलं तर दोन किलो साखर, अन् वर कमलच्या हाताची चिठ्ठी. चिठ्ठी कमलच्या हाताची पण जबान सासूची: तुमची साखर तुमाला लखलाभ, आमच्या जावयाला आमी खुल्या बाजारातलीच घालतो. माझ्या तर अंगाचा तिळपापड झाला. साखर होती कंट्रोलचीच, तो सवाल न्हाई. पण हिला कसं कळलं? दाण्याची साखर आनारशात गेल्यावर तिच्यावर काय शिक्का राहतो का? दिवसभर मी ह्याच फिकिरीत होते, अन् सांजेला माझ्या डोक्यात उजेड पडला की ही भानगड साखरेची न्हाई, शब्दाची हाय. मी कंट्रोल म्हणले ते जीपचं, तिनं ऐकलं ते दुकानाचं. अन् धोंड्याचा महिना संपायला उरले होते चार दिवस.

दुसऱ्या दिवशी साखरेचं गाठोडं काखेत मारून मी एस.टी.नं पाथरीला. गेले, तर लक्ष्मीबाईनी पाट दिला, पाणी दिलं, अन् तोंड दिलं न्हाई. मी साखर त्यांच्यापुढं सरकवली, त्यांनी माझ्याकडं सरकवली. असं तीनदा झालं. मग मी सांगायला तोंड उघडलं अन् माझी नजर त्यांच्या देवघरात गेली. गोविंदा, तुझा खटका देवघरात! बाळकृष्णाच्या शेजारी, उभा, मुठीचा बोडखा गोळा वर, त्याला हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. वाणाच्या डब्यात निघाला म्हणून त्यांनी काहीतरी नव्या रिवाजाची पळी समजून पूजेला लावला होता. जावईबापूंना इचारावं तर ते सकाळी पाचाला गाडीवर जातेत, देवघरात बघायची त्यांना फुरसद कुठली.

मी म्हणलं, विहीणबाई, हा आमच्या जीपचा कंट्रोल हाय, मी हाच मागत होते, साखर न्हाई. तर त्या म्हणल्या, कंट्रोल असो का कलेक्टर असो, वाणात आलं ते वाण. मी नारायणाला दिलेलं काढून देणार न्हाई. पण मीबी चतुराबाई हाय. म्हणलं, वाण किती असतं? तेहतीस. आनारसे तेहतीस होते, मी हातानं मोजलेत. मग हे झालं चौतिसावं. चौतिसावं वाण कुठल्या पोथीत हाय ते दाखवा. मला वाटलं जिंकले. लक्ष्मीबाईनी पदर नीट केला अन् हळूच म्हणल्या, आनारसे बत्तीस होते, बाई. आमीबी मोजतो. तुमच्या ह्या लोखंडी पळीनं तेहतीस भरले, म्हणून तर मी काही बोलले न्हाई.

मी तिथल्या तिथं म्हाताऱ्यावर ढकललं. म्हणलं, आमचे मालक गोडाचे भोक्ते, चालता चालता एक उचलला असंल. (नवऱ्याचा हा एक उपेग, माणसाजवळ ढकलायला कायम जागा राहती.) लक्ष्मीबाईना ते पटलं, कामून की त्यांचेबी मालक तसलेच. मग त्याच म्हणल्या, महिना अजून हाय. एक आनारसा भरून द्या अन् पळी घेऊन जा. पीठ त्यांच्या घरात मुरलेलं होतंच. मी पदर खोचला, कढई चढवली, खसखशीवर आनारसा थापला, तुपात सोडला. अन् हसला की ग बाई तो! तुझ्यासारख्या पुरुषाला सांगते, तुपात आनारसा फुटून पसरला की त्याला हसला म्हणतेत, अन् करणारीला रडू येतं. चाळीस वर्षांत माझा आनारसा हसला न्हाई, तो नेमका विहिणीच्या चुलीवर, विहिणीच्या डोळ्यापुढं. मी कढईत बघायलेय, लक्ष्मीबाई कढईत बघायल्यात. मग त्या म्हणल्या, चतुराबाई, ह्याला आपल्या दोघींची भानगड कळलेली दिसतीय. अन् त्या हसल्या. मग मीबी हसले. कमल भाईर येऊन बघती तर दोन विहिणी चुलीपशी तोंडात पदर कोंबून बसलेल्या. दुसरा आनारसा नीट झाला. वाणाचे तेहतीस पुरे झाले, खटका देवघरातनं खाली उतरला, अन् त्या दोन किलो साखरेतला चहा करून आमी पिलो. तो नारळाचा इषय त्यांनी फक्त एकदाच काढला.

जावईबापू दुपारी घरी आले, समदं ऐकलं, अन् कानाच्या पाळ्या लाल करून बसले. त्यांना कुठं ठाऊक की सासऱ्याला पोटरीत गोळा येतो. त्यांना वाटलं खटका म्हणजे म्हाताऱ्याचा शौक. दुसऱ्या दिवशी त्यांची बावीस माणसं फाट्यावर ताटकळत ठेवून मला घेऊन पेडगावला आले. मुंजाजीच्या भट्टीत खटका लाल केला, कोपरासारखा वाकवला, म्हणजे तो लहान स्टेरिंगला वळसा घालून भाईर आला अन् बोटं ठेचायची भीती गेली. तुझी पट्टी नळीवर चार बोटं खाली आवळली, वायर नवी टाकली, अन् वाघ खोलून सरळ केला. मुंजाजीनं मजुरी घेतली न्हाई. म्हणला नात बैलगाडीत झाली, पुढची जीपमध्ये होऊ द्या. स्टेरिंग जावयाचं राहिलं, कंट्रोल भावाचा राहिला, कुणाची इज्जत गेली न्हाई.

मग म्हातारं बसलं. खटका ओढला, पहिला खाचा, दुसरा खाचा. मला म्हणले, बसती का? मी म्हणलं मला कामं हाईत. मग बसलेच मी. परभणीच्या नाक्यापर्यंत गेलो अन् परत आलो, कुठं थांबलो न्हाई, काही इकत घेतलं न्हाई, नुसतं गेलो अन् आलो. हे पाय लांब सोडून बसले होते अन् टरबुजाचा हंगाम संपला म्हणून हळहळायलेत. त्या सांजेला दोन भाकरी खाल्ल्या अन् हिंगाचं नाव काढलं न्हाई. मला मोकळं मोकळं वाटलं. चूल पुन्हा माझी झाली.

बाकी पाऊस अजून न्हाई, म्हैस गाभण हाय. लेकराबाळांना आशीर्वाद. तुझी शिट्टी वाजती तोवर पत्राचं उत्तर दे.

तुझी अक्का,
चतुराबाई

ता. क. — ज्याच्यासाठी पत्र लिहिलं ते राहूनच गेलं. आखाडात इकडं ये अन् येताना कानस आण. आमचे मालक दुपारी झोपले की खटक्याचा तिसरा खाचा गुपचूप घासून टाक, म्हणजे खटका दुसऱ्यावरच राहील. इचारलं तर म्हण झिजला, दहा वर्षं झाली. मी सांगितलं म्हणून सांगू नको.

ता. क. दुसरा — तू इचारशील म्हणून आधीच लिहिते. देवळीतला खटका वाणाच्या डब्यात आपोआप गेला न्हाई. मी घातला. टरबुजं अजून डोळ्यापुढं होती, अन् म्हणलं वाणात गेलेली चीज परत येत न्हाई, म्हातारं घरात जिवंत तरी राहील. ते घरात राहिलं, पण जिवंत काही दिसंना. म्हणून परत आणला.

ता. क. तिसरा — डबा गच्च भरलेला होता, खटका मावंना, म्हणून एक आनारसा काढावा लागला. तो मी ह्यांनाच खायला दिला. आज कामून गोड, म्हणले. मी म्हणलं, गप खावा. पत्र वाचून फाडून टाक. सुमंगलाला दाखवू नको, ती पाथरीची हाय.